उजेड वाढवायला सांग

आमच्या गावच्या फाट्यावर वाढदिवसाचे, निवडणुकीचे आणि श्रद्धांजलीचे फ्लेक्स लागतात. एका उन्हाळ्यात त्यांच्या मधोमध माझाही लागला, पीएच.डी. झाल्याबद्दल. डाव्या बाजूला सूट घातलेला मी (सूट फ्लेक्सवाल्याच्या कॉम्प्युटरमधला, मुंडकं तेवढं माझं), उजव्या बाजूला हात जोडलेले आठ-दहा शुभेच्छुक आणि मध्ये एक काळा-करडा, भोकाभोकांचा गोळा. तो गोळा म्हणजे मॅग्नेशियम हायड्राइडचा एक कण, इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली कित्येक हजार पट मोठा करून टिपलेला. फ्लेक्सवाल्याला मोकळी जागा भरायला शास्त्रातलं काहीतरी हवं होतं, म्हणून माझ्या धाकट्या भावानं माझ्या थीसिसमधला तो फोटो देऊन टाकला.

फाट्यावर चहा पिणाऱ्यांना त्यावर पंधरा दिवस विषय पुरला. कुणी म्हणालं, मुतखडा आहे. माझ्या चुलतीनं बराच वेळ निरखून विचारलं, "हा जाळी पडलेला अनारसा कायले लावला रे बाप्पा?" सगळे हसले, मीही हसलो. खरं म्हणजे त्या गर्दीत नेमकं तिनंच ओळखलं होतं. अनारशाला जाळी पडते ती तळणीत सोडल्यावर. माझ्या कणालाही जाळी पडली होती ती फोटो काढताना, यंत्रातल्या इलेक्ट्रॉनांच्या झोताखाली, म्हणजे बीमखाली, तळून निघाल्यामुळं. माझ्या संशोधनाचा त्या जाळीशी काही संबंध नव्हता, आणि सत्काराची शाल खांद्यावर घेताना मला हे चांगलं ठाऊक होतं.

ज्यांचा या विषयाशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. हायड्रोजनवर गाड्या चालवायच्या तर तो कशात तरी भरून न्यायला हवा. वायू तो, त्यात सगळ्यात हलका. दाबून भरायचा तर टाकीचंच ओझं होऊन बसतं. मॅग्नेशियमसारखे काही धातू मात्र हायड्रोजन आपल्यात मुरवून घेतात आणि त्यांची करडी पूड होते, तिला हायड्राइड म्हणतात. त्या पुडीतून हायड्रोजन परत काढायचा तर ती तीनशे अंशांच्या आसपास तापवावी लागते. गाडीत एवढी भट्टी कोण ठेवणार? म्हणून जगभरचे लोक त्यात कधी या धातूची चिमूट, कधी त्या धातूची चिमूट घालून ते तापमान खाली आणायला धडपडतात. मी त्यातलाच एक. माझ्या चिमटीनं हायड्रोजन शंभर अंशांवर सुटतो, असं माझ्या पेपरात आणि थीसिसमध्ये लिहिलेलं आहे. सुटत नाही.

आमच्या विद्यापीठात तसला मायक्रोस्कोप नव्हता. तो होता दक्षिणेतल्या एका मोठ्या शहरातल्या संस्थेत, आणि तिथं महिन्यातून एकदा दोन तासांचा स्लॉट मिळायचा. मी सुटीत घरी असलो की वाशीमहूनच गाडी धरायचो. या पुडीला हवेतली ओल लागली की ती बिघडते. म्हणून आरगॉन वायू भरलेल्या पेटीत कुपी बंद करायची, तिच्या तोंडाला पट्टी गुंडाळायची आणि ती कुपी आईच्या स्टीलच्या डब्यात ठेवायची. भोवतीनं चपलांच्या खोक्यात सापडतात त्या ओल शोषणाऱ्या पुड्या. वाशीमच्या बाजारातल्या एका चपलांच्या दुकानदाराला मी त्या पुड्यांसाठी इतकं छळलं होतं की मी दिसलो की तो न विचारता मूठभर काढून द्यायचा. हवेपासून त्या सॅम्पलला मी तळहातावरच्या फोडासारखं जपलं. ज्या झोतात ते ठेवणार होतो त्या झोतापासून जपायला हवं, हे पुस्तकांत लिहिलेलं होतं, मी वाचलेलंही होतं. पण वाचलेलं असतं ते दुसऱ्यांच्या सॅम्पलबद्दल, असा माझा समज होता.

मायक्रोस्कोप चालवणारे गृहस्थ मूळचे परभणीकडचे. त्या परक्या शहरात कानावर मराठी पडली की ते विरघळायचे. "वाशीमवरून आलास? इतक्या लांबून? आधी जेवून घे," हे त्यांचं पहिलं वाक्य. बाकीच्या विद्यार्थ्यांचे दोन तास अंधुक पडद्यावर चांगला कण शोधण्यातच जायचे. माझा वेळ वाया जाऊ नये म्हणून ते मी जेवून येईपर्यंत सगळं मांडून ठेवत. एखादा देखणा कण हेरायचा, बीम गोळा करून त्याच्यावर आणायचा, उजेड जास्तीत जास्त करायचा, फोकस अगदी केसासारखा बारीक लावायचा आणि तसंच ठेवून मला हाक मारायची, "ये, नवरदेव बसवलाय पाटावर." मी येऊन बसायचो, कण तापवणाऱ्या हीटरचा आकडा शंभरावर न्यायचो, आणि थोड्या वेळात हिरवट पडद्यावर त्या कणाच्या अंगावर बुडबुडे धरायला लागायचे.

आमच्या गाइड सरांचाही हुकूम होता की आधी सुंदर चित्र घ्यायचं, आणि तो कण हायड्राइड आहे की नुसता धातू, हे सांगणारी ठिपक्यांची प्लेट सगळ्यात शेवटी. चित्र चांगलं असलं की पेपर छापून येतो, ठिपके कोण बघतो, असं ते म्हणत. शेवटी घेतलेले ठिपके नेहमी धातूचे निघत, आणि आम्ही आनंदानं लिहीत की हायड्रोजन निघून गेला, बघा.

इलेक्ट्रॉनांचा झोत म्हणजे नुसता उजेड नसतो. मॅग्नेशियम आणि हायड्रोजन यांचं जे जुळलेलं असतं ते तो तोडत जातो. सुटलेला हायड्रोजन बुडबुडे धरतो, भोकं पाडून पळून जातो आणि मागे पोकळ धातू उरतो. त्याला तापवायची गरजच नसते, नीट निरखून पाहिलं तरी पुरतं. आम्ही त्याला फारच नीट निरखत होतो.

आमच्या प्रयोगशाळेत ग्रामभर पूड तापवून सुटणारा वायू मोजायचं एक साधं उपकरण होतं. ते दर वेळी सांगायचं की माझी पूड साध्या पुडीपेक्षा जराशी बरी आहे, जराशीच. सर म्हणाले, ते ढोबळ मोजमाप आहे, एकेका कणाचं वागणं मायक्रोस्कोपलाच कळतं. तो तक्ता माझ्या थीसिसच्या परिशिष्टात आहे. परिशिष्ट कुणी वाचत नाही, हे सरांनाही माहीत होतं आणि मलाही.

पेपर छापून आला त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. नेहमीप्रमाणे स्लॉट, नेहमीप्रमाणे नवरदेव पाटावर. मी हीटर शंभरावर नेला, दहा मिनिटांत बुडबुडे आले, मी भराभर फोटो घेतले. खूश होतो. सॅम्पल बाहेर काढायला परभणीकर वाकले आणि तसेच वाकलेले राहिले. मग म्हणाले, "अरे, हीटरची वायर तर आपण लावलीच नाही." वायर टेबलाच्या बाजूच्या खिळ्याला गुंडाळलेली होती. हीटरच्या डब्यावर आकडा शंभर दिसत होता खरा, पण तो आम्ही मागितलेला आकडा होता. खालचा कण खोलीइतकाच थंड होता, आणि तरीही त्याच्यातून हायड्रोजन गेला होता.

ते हसले. "चल, वायर लावून परत करू, वेळ आहे अजून." मला हसू येईना. मी म्हटलं, वायर राहू द्या, जरा शेजारचे कण दाखवा, ज्यांच्यावर बीम गेलेला नाही ते. ते दूर होते, मंद उजेडात शोधावे लागले. ते गुळगुळीत होते, अंगावर एक भोक नाही. आधी ठिपके घेतले: हायड्राइड, शंभर नंबरी. मग त्यांतल्या एकावर नेहमीसारखा बीम गोळा केला आणि दोघं बघत राहिलो. थोड्या वेळानं बुडबुडे धरले. परभणीकरांचा चेहरा उतरला. "मी तुझं काम सोपं करत होतो रे," एवढंच ते म्हणाले. या माणसाचा काही दोष नव्हता, हे मला लिहिलंच पाहिजे. आपल्याकडच्या पोराच्या ताटात त्यांनी जरा जास्त वाढलं. पुडीचा अभ्यास त्यांचा नव्हता, माझा होता.

परत आल्यावर मी सरांना सगळं सांगितलं. ते केबिनच्या खिडकीतल्या कुंड्यांना पाणी घालत होते. पूर्ण ऐकून घेतल्यावर त्यांनी विचारलं, "तुझा फोटो खोटा आहे का?"

"नाही सर."

"कुठला आकडा तू मनानं लिहिलास का?"

"नाही सर."

"मग? जे दिसलं ते आपण लिहिलं. ते का दिसलं हे पुढचे लोक शोधतील. विज्ञान असंच पुढं जातं." मग म्हणाले, "तुझं सबमिशन आलंय जवळ. वडील काय करतात म्हणालास?"

"तहसीलमध्ये शिपाई आहेत."

"निवृत्तीला किती राहिलं?"

"दोन वर्षं."

ते परत कुंड्यांकडे वळले. त्यांनी धमकी दिली असती तर आज मला बोलायला तोंड राहिलं असतं. पण धमकी त्यांनी दिली नाही, माझ्या बापाची चौकशी केली. थीसिसच्या कच्च्या प्रतीत मी एक वाक्य घातलं होतं, की दिसलेला परिणाम बीममुळंही असू शकतो आणि तो तपासायला हवा. सरांनी त्याच्यावर पेन्सिलनं एक फिकट रेघ ओढली. फाइलमधून ते वाक्य पुसणारं बोट माझं होतं.

डॉक्टर झालो. वर्षभरात वाशीममधल्या एका कॉलेजात कायमची नोकरी लागली. मुलाखतीत ज्यांनी पेपरबद्दल विचारलं त्यांना त्यातलं काही कळत नव्हतं, पण पेपर परदेशी होता, म्हणून त्यांनी माना डोलावल्या. गेली कित्येक वर्षं मी प्रॅक्टिकल घेतो, आणि रीडिंग मनानं बनवून लिहिणाऱ्या पोरांवर असा तुटून पडतो की शेजारच्या लॅबमधला शिपाई डोकावून जातो. पोरं मला कडक सर म्हणतात. चिडतो मी त्यांच्यावर कमी आणि स्वतःवर जास्त, पण वही त्यांची फाटते.

दोन वर्षांपूर्वी हिवाळ्यात, एका रविवारी सकाळी, जवळच्या शिरपूरची एक मुलगी घर विचारत आली. तिच्या वडिलांचं तिथल्या देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर यात्रेकरूंसाठी चहा-नाश्त्याचं छोटं हॉटेल. ती दुसऱ्या एका विद्यापीठात पीएच.डी. करत होती. हातात लॅपटॉपची बॅग आणि वडिलांनी दिलेले हरभऱ्याचे हिरवे डहाळे. डहाळे तिनं माझ्या बायकोच्या हातात दिले आणि माझ्यासमोर खुर्चीच्या अगदी कडेवर बसली.

"सर, तुमचा पेपर मले पाठ हाय," ती म्हणाली. "पेपर लिवणारे आपल्याच जिल्ह्यातले हायेत, हे आत्ता समजलं मले. मंग म्हणलं, सरायलेच इचारू."

"काय इचारतं? बोल नं बिनधास्त."

"माह्याच्यानं होऊन नाई राह्यलं सर. तुमी लिवलं तसंच सॅम्पल बनवते, तेच माप, तेवढेच तास. पण शंभरावर काईच निंगत नाई. दीडशावर नाई, दोनशावर नाई. तीनशेच्या जवळ गेल्यावर निंगते. आमचे गाइड म्हणतेत, पेपर छापून आलेला हाय, लोकायनं त्याचा दाखला देला हाय, मंग खोट तुयाच हातात हाय. दोन वर्स झाले, तेच ते सॅम्पल बनवून राह्यली. मार्चात फेलोशिप संपते. हा एक धडा झाला नाई तं थीसिसच नाई होत."

तिनं लॅपटॉप उघडून फोटो दाखवले. दाणेदार, मंद, जेमतेम दिसणारे. त्यांतला प्रत्येक कण अखंड होता. तिनं आधी फोटोंबद्दल माफीच मागितली.

"फोटो चांगले नाई आले सर. आमच्याइकडचा ऑपरेटर लय कंजूस हाय, उजेडच देत नाई. फोकस बाजूच्या जाग्यावर करते, आपल्या कणावर बीम आणला का एक फोटो घेते अन् लगेच बंद. म्या म्हणलं, दादा, थोडा उजेड वाढवा नं. तं म्हणते, बाई, याले जास्त पाह्यलं का हे मरते."

मी फोटो पुढं-मागं करत राहिलो. मला काही बघायचं नव्हतं, तोंड वर करायचं नव्हतं एवढंच. ती मुलगी नापास होत होती, कारण तिचं सगळं बरोबर होतं. तिचं सॅम्पल बरोबर, तिचं मोजमाप बरोबर, तिचा तो कंजूस माणूस तर माझ्या सरांना शिकवू शकला असता. त्या खोलीत चुकलेला एकटा मी होतो. मी एक वाक्य बोललो असतो, की बाई, माझा पेपर चुकीचा आहे, तुझं खरं आहे, तर ती त्याच दिवशी सुटली असती. उलट माझ्या चुकीवरच तिचा सगळ्यात चांगला धडा उभा राहिला असता. माझ्या बढतीची फाइल तेव्हा वर गेलेली होती आणि तिच्यात सगळ्यात वर तोच पेपर होता. आत बायको चहासाठी आलं ठेचत होती.

"उजेड वाढवायला सांग," मी म्हटलं.

"पण तो म्हणते..."

"संशोधक तू आहेस की तो? स्लॉट तुझा आहे. माझ्या जबाबदारीवर करा म्हणावं. एका कणावर दहा मिनिटं पूर्ण उजेड ठेव. मग दिसेल."

तोवर मी तिच्याशी घरच्या बोलीत बोलत होतो. हे वाक्य आलं तेव्हा मात्र पुस्तकातली मराठी तोंडात आली. वर्गात खोटी हजेरी लावणाऱ्या पोरांचंही असंच होतं, एकदम शुद्ध बोलायला लागतात. तिला काही वावगं वाटलं नाही. तिनं वहीत लिहून घेतलं: दहा मिनिटं, पूर्ण उजेड. जाताना ती पाया पडली आणि मी पाय मागे घेतले नाहीत.

तीन आठवड्यांनी फोनवर तिचे फोटो आले. झकास, लख्ख, जाळीदार. सोबत एक निरोप बोलून पाठवलेला: "सर, निंगाला. शंभरावरच निंगाला. आमचे गाइड लय खूश हायेत." आवाजात इतकं सुख होतं की मी तो निरोप दुसऱ्यांदा ऐकला नाही. पुढच्या आठवड्यात तिचे वडील वाशीमला कचेरीच्या कामानं आले तेव्हा पेढ्यांचा डबा घेऊन घरी आले. टोपी काढून बसले. म्हणाले, "पोरगी रडत होती हो घरी येऊन. तुमी एका वाक्यात काम करून देलं." त्यांनी पेढा माझ्यापुढं धरला. मला साखर आहे, असं मी सांगितलं. नाही मला साखर.

मार्च गेला. थीसिसचं काय झालं ते तिनं कळवलं नाही, मीही विचारलं नाही. माझी बढती झाली. तिचा पेपर कुठं आला का, हे मी अधूनमधून कॉम्प्युटरवर बघत असे. आला नव्हता. आला असता तर माझ्या खोट्याला साक्षीदार मिळाला असता, आणि खरं सांगायचं तर मी त्याची वाट बघत होतो.

यंदा उन्हाळ्याच्या तोंडाशी प्रॅक्टिकलचा परीक्षक म्हणून कारंज्याला गेलो होतो. काम आटोपून स्टँडवर वाशीमच्या गाडीची वाट बघत उभा होतो, तर समोरून ती आली. हाताला खडू लागलेला. तिनंच आधी ओळखलं.

"बरे हाय नं सर?"

"मी बरा हावो. तू इकडं कुठं?"

"इथं क्लासमधी शिकवते, अकरावी-बारावीले."

"अन् थीसिस?"

"नाई झाला सर." तिनं बॅग या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. "शेवटचा स्लॉट होता माह्या. म्या मनात म्हणलं, सगळं तं झालं, आता एक पाहून घेऊ. एक कण शंभरावर ठेवला, पण त्याच्यावर बीमच नाई सोडला. तासाभरानं पाह्यलं. जसाच्या तसा, सर. एक भोक नाई. अन् बाजूचा, ज्याच्यावर उजेड ठेवला होता, त्याची जाळी. मंग समजलं. तो ऑपरेटर दादा खरंच सांगून राह्यला होता."

माझ्या हातून जे चुकून झालं होतं, ते या पोरीनं जाणूनबुजून तपासलं होतं, तेही सगळे खूश असताना, हातातोंडाशी आलेली पदवी समोर असताना.

"मंग?" मी विचारलं.

"मंग गाइडले सांगतलं. ते म्हणे, छापून आलेल्या पेपराच्या विरोधात जातं का? आता हे सांगून राह्यली, मंग आधीचे फोटो कशाचे? म्या लिहून देलं का ते फोटो बीमचे हायेत, धडा मागं घेते. मुदत वाढवून नाई भेटली. संपलं मंग." ती हे अगदी सरळ सांगत होती, कुणावर राग नसल्यासारखं. मला तिचा राग परवडला असता.

"त्यायनं इचारलं होतं," ती पुढं म्हणाली, "उजेड वाढवाले कोनं सांगतलं म्हणून. म्या माह्याच मनानं वाढवला, असं लिवलं. तुमचं नाव नाई घेतलं सर. कायले तुमाले त्रास?" मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तुमालेही माहीत नसनच नं? माहीत असतं तं तुमी त्या दिवशी सांगतलंच असतं."

तेवढ्यात वाशीमची गाडी फलाटाला लागली. लोक दाराकडे धावले, कुणीतरी खिडकीतून सीटवर रुमाल टाकला. मला गर्दीत घुसून निघून जाता आलं असतं. पण तिनं प्रश्न विचारला होता आणि ती उत्तराची वाट बघत उभी होती.

"नाही," मी म्हटलं. "मला कल्पना नव्हती."

"मंग ठीक हाय," ती म्हणाली. तिनं माझ्याकडे क्षणभर जास्त पाहिलं का, हे मी स्वतःला बऱ्याचदा विचारलं आहे. मग म्हणाली, "बसा सर, जागा नाई भेटाची," आणि क्लासच्या दिशेनं निघून गेली.

मंगरूळपीर येईपर्यंत मला बरं वाटत होतं. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो आहे. शरम वाटली, पण ती नंतर, घरी जेवून उठल्यावर. आधी एवढंच वाटलं की कागदावर आपलं नाव नाही. शिरपूरच्या एका हॉटेलवाल्याची पोरगी आयुष्यभर खडू घासणार, आणि मी खिडकीशी बसून मनात म्हणत होतो, सुटलो बुवा.

तो पेपर अजून आहे तिथं आहे. मागे घ्यायचं पत्र मी दोनदा लिहिलं आणि दोन्ही वेळा मसुद्यातच ठेवलं. त्याऐवजी हे लिहिलं. यात मी सरांचं नाव घेतलं नाही, परभणीकरांचं नाही, कॉलेजचं नाही, तिचंही नाही. वाचणाऱ्याला वाटेल, माणूस सभ्य आहे, कुणाची अब्रू काढत नाही. तिनं नाव घेतलं नाही ते मला वाचवायला. मीही कुणाचं घेतलं नाही, तेही मलाच वाचवायला.